सर्व्हिसिंगनंतर ब्रेक मऊ का लागतो?

मराठी माणसाला चौक म्हटले की चार रस्ते आणि मधला पुतळा आठवतो. लखनौत मात्र चौक हे एका अख्ख्या जुन्या वस्तीचे नाव आहे. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्यामधला हा अरुंद बाजार चिकनकारीच्या कुर्त्यांनी, अत्तरांनी आणि मिठाईने भरलेला असतो. थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी येथे मक्खन मलाईचे ठेले लागतात आणि ती खायला लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतात. मोटार घेऊन येणाऱ्याला आतल्या गल्ल्यांचा विचारच सोडावा लागतो. पण बाहेरच्या, मेडिकल युनिव्हर्सिटीच्या बाजूच्या रस्त्यांवरही काही कमी गर्दी नसते. सायकलरिक्षा, ई-रिक्षा, स्कूटर, हातगाड्या, रुग्णाला घेऊन निघालेले नातेवाईक, असे सगळे एकाच पट्ट्यातून वाट काढत असतात. गाडीचा वेग जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर, पण पाय सारखा ब्रेकवर.

म्हणूनच ब्रेकमधले बारीकसे न्यून मोकळ्या रस्त्यावर महिनाभर लपून राहील, पण चौकात ते पहिल्या दहा मिनिटांत कळते.

अशा ठिकाणी बदलीवर येऊन राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचा विचार करा. नवी गाडी परवडत नाही, रिक्षाने भागत नाही, म्हणून आठ-दहा वर्षे वापरलेली एक छोटी गाडी घेतली. घेतल्यावर शहाणपणाने तिची पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतली. पुढचे ब्रेक पॅड बदलले, मागचे लायनर बदलले, ब्रेक ऑइलही नवे भरले. गाडी धुऊनपुसून दारात आली आणि चालवायला बसल्यावर लक्षात आले, की ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा खाली जाते आणि पायाला मऊ लागते. दोनदा दाबले की गाडी बरोबर थांबते. मिस्त्रीला विचारले, तर तो हसून म्हणतो, ‘‘बाबूजी, नया सामान है. सौ-दो सौ किलोमीटर चलाइए, अपने आप बैठ जाएगा.’’

हे उत्तर पुण्यात किंवा नागपुरातही मराठीत असेच मिळते. ते अर्धे खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. नवे पॅड किंवा लायनर डिस्कवर वा ड्रमवर सगळीकडून सारखे टेकायला थोडे चालावे लागते, हे खरे. तोवर गाडी थांबायला किंचित जास्त अंतर घेते. पण तेव्हाही पेडल पायाला घट्टच लागायला हवे. पकड थोडी कमी असणे ही एक गोष्ट आणि पेडलच मऊ असणे ही दुसरी. पहिली चालण्याने सुधारते. दुसरीमागे नळीत अडकलेली हवा, एखादी गळती किंवा न जुळवलेले अंतर असते. मागच्या लायनरचे थोडेफार अंतर काही गाड्यांत आपोआप भरून निघते, एवढाच काय तो अपवाद. हवा किंवा गळती मात्र शंभरच काय, हजार किलोमीटर चालवले तरी जागेवर बसत नाही.

येथे खरा धोका यंत्राचा नसून सवयीचा आहे. मालक चार दिवसांत दोनदा ब्रेक मारायला शिकतो. आठव्या दिवशी आपण दोनदा पाय मारतो हेही त्याला कळेनासे होते. त्याच्या लेखी दोष संपलेला असतो. पण गाडी घरातल्या सगळ्यांची असते. रविवारी तीच गाडी पत्नी मंडईत नेते, कॉलेजात जाणारा मुलगा मित्राला स्टेशनवर सोडायला नेतो. त्यांच्या पायाला ती सवय नसते. ते एकदाच ब्रेक दाबतात, आणि तो बरोबरच असतो. ब्रेक एकदाच दाबायचा असतो. ताशी वीस किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. दुसऱ्यांदा पाय उचलून दाबण्यात अर्धा सेकंद गेला, तरी तेवढ्यात एखाद्या ई-रिक्षाच्या लांबीइतके अंतर कापलेले असते. हमरस्त्यावर ताशी ऐंशीचा वेग असला, तर त्याच अर्ध्या सेकंदात अकरा मीटर.

जुनी गाडी विकत घेतानाही हाच अनुभव येतो. ‘‘ब्रेक जरा नरम आहे, पण होते सवय,’’ असे विकणारा अगदी सहज सांगतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच सवय झालेली असते!

पेडल मऊ लागण्याचे कारण कळायला ब्रेकची घडण थोडी समजून घ्यावी लागते. त्यात अवघड काही नाही. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात सांगितले होते. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात ते आपण सर्वांनी वाचलेले असते. मोटारी आल्या तेव्हा ब्रेक मात्र लोखंडी सळ्या आणि तारांनी ओढले जात. तेलाच्या दाबाचे ब्रेक चारही चाकांना लावलेली अमेरिकेची ड्यूसेनबर्ग ही गाडी १९२१ मध्ये आली, आणि पुढे ती पद्धत जगभर पसरली. आजच्या छोट्या गाडीतही तत्त्व तेच आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो. ते बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत जाते आणि तेथे पॅड डिस्कवर, लायनर ड्रमवर दाबले जातात.

लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की हे तेल फार थोडे असते. छोट्या गाडीचा मास्टर सिलिंडर एका पूर्ण दाबात चहाचे एक-दोन चमचे भरेल एवढेच तेल ढकलतो. त्या चमचाभर तेलाच्या भरवशावर पाच माणसांची गाडी थांबायची असते. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. नळीत वाटाण्याएवढा हवेचा फुगा राहिला, तरी पायाचा बराचसा जोर तो फुगा चेपण्यात जातो आणि चाकाला उरलेले मिळते. पायाला जो स्पंजासारखा लुसलुशीतपणा जाणवतो, तो या फुग्याचा.

पण प्रत्येक मऊपणा हवेचा नसतो. संगीत शिकणाऱ्याचा आधी कान तयार करावा लागतो. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून याच लखनौत १९२६ साली संगीत विद्यालय सुरू झाले, तेव्हापासून तेथे पिढ्यान्‌पिढ्या तेच काम चालले आहे. गाडी चालवणाऱ्याचा पाय त्या मानाने फार लवकर तयार होतो. एका सकाळी, दारात उभ्या गाडीत बसून, तीन-चार प्रकारचे मऊपणे वेगळे ओळखता येतात आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची छोटी अर्धपारदर्शक टाकी पाहावी. तेल वरच्या आणि खालच्या खुणांच्या मध्ये असले पाहिजे. ते खाली गेले असेल, तर पुढची परीक्षा नंतर. आधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि पेडलच्या वर, जेथे मास्टर सिलिंडरचा दांडा आत येतो तेथे, ओलसरपणा आहे का ते पाहावे. नुकत्याच भरलेल्या टाकीतले तेल कमी झाले याचा अर्थ ते कोठेतरी बाहेर जात आहे. अशी गाडी दारातून हलवूच नये.

तेल ठीक असेल, तर इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधली निर्वात पोकळी संपते. आता पेडल घट्ट लागू लागेल. येथेच अनेकजण फसतात आणि ‘‘ब्रेक तर छान आहे’’ असे म्हणून उठतात. खरी परीक्षा यानंतर आहे. थोडे थांबावे, मग पेडल एकदा जोराने दाबावे आणि किती खाली गेले ते पाहावे. पाय पूर्ण उचलून लगेच दोन-तीनदा भरभर दाबावे.

भरभर दाबल्यावर पेडल वर आले आणि तेथे दगडासारखे घट्ट झाले, तर हवेचा संशय कमी. अंतराचा संशय जास्त. मागचे लायनर ड्रमपासून फार दूर राहिले आहेत. पहिल्या दाबात तेल ते अंतर भरून काढण्यातच खर्च होते. याची आणखी एक सोपी खूण आहे. मागे ड्रम असलेल्या गाडीत हॅण्डब्रेक पूर्ण ओढावा आणि पुन्हा पेडल दाबून पाहावे. हॅण्डब्रेक ओढल्यावर पेडल एकदम वर लागले, तर मागचे अंतर जुळवायचे राहिले आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. हा दोष सर्वांत स्वस्त. त्यात काही बदलायचे नसते. चाक काढून अंतर जुळवण्याचे काम असते. लायनर बदलल्यानंतर घाईत हेच राहून जाते.

भरभर दाबल्यावर पेडल वर आले, पण तरीही स्प्रिंगवर पाय ठेवल्यासारखे लवत राहिले, तर हवा.

तिसरा प्रकार सर्वांत दगाबाज. पेडल दाबून पाय तसाच अर्धा मिनिट रोवून ठेवावा. पेडल जेथे थांबले तेथेच राहिले पाहिजे. ते हळूहळू, तेलात बुडणाऱ्या दगडासारखे खाली जाऊ लागले आणि टाकीतले तेल मात्र कमी होत नसेल, तर गळती मास्टर सिलिंडरच्या आतच आहे. दट्ट्याभोवतीचा रबरी वॉशर तेल धरून ठेवत नाही, ते त्याला वळसा घालून मागे येते. हा मनुष्य बाहेरून निर्व्यसनी दिसतो. जमिनीवर एक थेंबही नसतो. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभ्या असलेल्या गाडीत पेडल खाली सरकत असल्याचा अनुभव आला असेल, तर तो याचाच.

शेवटी पाय ब्रेकवर ठेवूनच इंजिन सुरू करावे. त्या क्षणी पेडल किंचित खाली जाते. अनेकांना तोही दोष वाटतो. तो नाही, बूस्टर काम करू लागल्याची ती खूण आहे. किंचित खाली जाऊन तेथे स्थिर राहिले, की झाले. ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनी वर्षानुवर्षे चालवलेल्या ज्येष्ठांना बूस्टर असलेल्या गाडीचा ब्रेक मुळातच हलका लागतो. अशा वेळी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दुसऱ्या कोणाची गाडी पाच मिनिटे मागून तिचे पेडल दाबून पाहावे. शंका मिटवण्याचा याहून सोपा उपाय नाही, आणि शेजारीही सहसा नाही म्हणत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. सर्व्हिसिंगच्या आधी जो ब्रेक बरा होता, तो सर्व्हिसिंगनंतर का बिघडला? येथे एक साधा नियम उपयोगी पडतो. शेवटचा हात जेथे लागला, तेथे आधी पाहावे. नुसते पॅड बदलले असतील, तर नळ्या उघडल्याच गेल्या नव्हत्या आणि हवा शिरण्याचे कारण कमी. अशा वेळी पॅड जागेवर सरळ बसले आहेत का, ते पाहायचे. ब्रेक ऑइल बदलले असेल, तर पहिला संशय हवेचा. एखादा व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर उघडला असेल, तर त्याच चाकाचा.

हवा काढण्याचे काम दोन माणसांचे आहे. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळ बसून निपल सैल करतो, तेल आणि फुगे बाहेर येऊ देतो आणि निपल आवळल्यावरच ‘सोडा’ म्हणतो. निपल आवळायच्या आधी पहिल्याने पाय सोडला, की बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीचे टोक तेलात बुडलेले असावे, म्हणजे फुगे डोळ्यांना दिसतात. काम चालू असताना टाकी रिकामी झाली, तर वरून हवा शिरते आणि सगळे पहिल्यापासून. गॅरेजात एकच पोरगा असतो, त्याच वेळी मालकाचा फोन वाजतो, आणि टाकीकडे पाहायचे राहून जाते. याला यंत्रशास्त्र लागत नाही!

कोणत्या चाकापासून सुरुवात करायची, हेही ठरलेले असते. जुन्या रिवाजाप्रमाणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक पहिले, म्हणजे आपल्याकडच्या उजव्या हाताच्या गाडीत मागचे डावे. पण बऱ्याच छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाटा कर्णरेषेत असतात. मागचे डावे आणि पुढचे उजवे चाक एका वाटेवर, उरलेली दोन दुसऱ्या वाटेवर. काही गाड्यांचा क्रम निराळाच असतो. त्यामुळे गाडीबरोबरच्या किंवा कंपनीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात असेल तो क्रम खरा. एबीएस असलेल्या गाड्यांत (भारतात नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचे झाले) एबीएसच्या पेटीत शिरलेली हवा नुसत्या पेडलने निघेलच असे नाही. काही मॉडेलना त्यासाठी संगणकी यंत्र जोडावे लागते. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे ते नसेल, तर तसे त्याने सांगावे आणि आपणही विचारावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

एक चूक अशी आहे, की ती ऐकून हसू येते, पण ती होत असते. कॅलिपर काढून पुन्हा बसवताना डाव्याचा उजव्याला लागतो. तो बसतो, गाडी चालते. फक्त हवा काढायचा निपल, जो वरच्या टोकाला असायला हवा, तो खाली येतो. हवा तर वर जाणारी. मग लिटरभर तेल वाहून गेले, तरी फुगा वरच्या कोपऱ्यात आरामात बसून राहतो. पेडल काही केल्या घट्ट होत नसेल, तर निपल वर आहे की खाली, एवढे वाकून पाहावे.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, आणि तिचा दोष मिस्त्रीवर पूर्णपणे टाकता येत नाही. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या वर्षानुवर्षे वरच्या अर्ध्या भागातच पुढेमागे होत असतो. तेवढा भाग गुळगुळीत राहतो. खालच्या भागात ओलाव्याने गंज आणि मळ साचलेला असतो. हवा काढताना पेडल दणादण तळापर्यंत मारले, की म्हातारा रबरी वॉशर प्रथमच त्या खडबडीत भागावर घासला जातो आणि त्याची कड फाटते. सकाळी चांगला असलेला मास्टर सिलिंडर संध्याकाळी गळू लागतो. जाणते मिस्त्री म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतात, म्हणजे ते तळाला टेकतच नाही. आठ-दहा वर्षांच्या गाडीच्या मालकाने हा ठोकळा मागून घ्यावा. त्याला शून्य रुपये लागतात आणि मास्टर सिलिंडरला काही हजार.

उलट प्रकारही होतो. तक्रार केली, की थेट ‘‘मास्टर सिलिंडर गेला’’ असे सांगून तो बदलला जातो, बिल होते आणि मऊपणा तसाच राहतो, कारण हवा होती ती आहेच. लखनौत लालबागेत मोटारीचे सामान भरपूर मिळते, पुण्या-मुंबईतही त्याला तोटा नाही. सामान मिळते म्हणून ते बदलण्याची घाई करू नये. पेडल रोवून धरल्यावर खाली सरकत नसेल, तर मास्टर सिलिंडरला हात लावण्याआधी अंतर जुळवणे आणि हवा काढणे या दोन गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्याव्यात.

ब्रेक ऑइलविषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण येथे चौकातली परीक्षाही अपुरी पडते. आपल्याकडच्या गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचे तेल वापरतात. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. लखनौ सपाट मैदानातले शहर. तेथे ब्रेक इतके तापण्याची वेळ सहसा येत नाही, म्हणून जुने तेल कोणाला त्रास देत नाही. मग उन्हाळ्याची सुटी लागते आणि लखनौची कुटुंबे नैनीतालला निघतात. नैनीतालहून काठगोदामपर्यंतचा रस्ता सुमारे ३५ किलोमीटरचा आणि उतार सुमारे १,४०० मीटरचा. चार माणसे आणि सामान धरून हजार किलोची गाडी एवढी खाली उतरते, तेव्हा चाळीस लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी उष्णता कोठेतरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरले तर तिचा मोठा वाटा इंजिन उचलते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणाऱ्याच्या बाबतीत जवळजवळ सगळा भार ब्रेकवर पडतो. ओलावा मुरलेले तेल नळीतच उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच चेपली जाते. घरून निघताना घट्ट असलेले पेडल तिसऱ्या वळणावर तळाला जाते. आंबोली, खंबाटकी, कसारा हे घाट ज्यांच्या वाटेवर आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल त्याप्रमाणे बदलावे. ते सीलबंद छोट्या डब्यातून, आपल्यासमोर उघडून घालावे. गॅरेजच्या फळीवरचा, झाकण सैल असलेला अर्धा डबा स्वस्त पडतो खरा, पण त्याने पावसाळाभर ओलावा प्यालेला असतो. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल चुकूनही त्या टाकीत जाता कामा नये. खनिज तेलाने आतले सगळे रबर फुगते, आणि मग नुसते धुऊन भागत नाही. वॉशर, होज, सगळेच बदलावे लागते. हे ब्रेक ऑइल अंगणातल्या फरशीला काही करत नाही, पण गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उतरतो. लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

गाडी परत घेताना पुढचे पाऊल असे. पॅड बदलताना पुढचे दट्टे मागे सारलेले असतात, त्यामुळे पहिली दोन-तीन वेळा पेडल थेट तळाला जाते. ही गोष्ट गॅरेजच्या आतच संपली पाहिजे. जागेवर बसून, इंजिन सुरू करून, पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे आणि मगच गिअर टाकावा. गॅरेजच्या दारातच समोरच्या गाडीला धडकलेल्या गाड्यांमागे बहुधा हेच कारण असते. त्यानंतर मोकळ्या जागेत, आधी चालण्याच्या वेगाने, मग ताशी वीसने, एकेकदाच ब्रेक लावून पाहावे. गाडी एका बाजूला ओढते का, तेही तेव्हाच कळते.

मिस्त्रीशी बोलताना ‘‘ब्रेक बरोबर नाही’’ एवढेच सांगितले, तर तो एक फेरी मारून ‘‘ठीक आहे’’ म्हणतो, कारण त्याचा पायही दोनदा दाबायला सरावलेला असतो. त्याऐवजी काय होते ते सांगावे. ‘‘पहिल्या दाबात खाली जाते, दुसऱ्यात वर येऊन घट्ट होते, हॅण्डब्रेक ओढला की पहिल्यातच वर लागते,’’ असे सांगितल्यावर चांगला मिस्त्री लगेच मागचे चाक खोलतो. त्याला रागही येत नाही. उलट नेमके सांगणारे गिऱ्हाईक त्याला आवडते, असाच बहुतेकांचा अनुभव असतो. बिलावर ब्रेकचे कोणते काम केले ते लिहून घ्यावे आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. पैसे घेऊन काम अर्धवट ठेवले आणि दादही दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण गाडी तोवर चालवत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मिस्त्रीनेच घरी येऊन पाहावे किंवा गाडी ओढून न्यावी. सर्व्हिसिंगच्या चार दिवसांत पेडल मऊ झाले असेल, तर असे म्हणायला संकोच वाटायचे कारण नाही.

आणि इतके करूनही कधी रस्त्यात पेडल अचानक तळाला गेले, तर काय करावे, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असावे. पाय भरभर वरखाली करून पेडल दाबत राहावे. थोडाफार दाब तयार होतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा. हॅण्डब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा, एकदम खेचला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरते. इंजिन बंद करू नये, कारण त्याबरोबर बूस्टरची मदत जाते आणि स्टिअरिंग जड होते. हॉर्न आणि दिवे चालू ठेवावेत. मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर एखाद्या सकाळी नुसत्या हॅण्डब्रेकने, ताशी दहाच्या वेगात, गाडी थांबवून पाहिली, तर तो किती ओढावा लागतो याचा हाताला अंदाज येतो. ही रंगीत तालीम पत्नीकडून आणि मुलांकडूनही करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत गाडीची किल्ली खुंटीवरच असू द्यावी.